कॉन्सर्टच्या फोटोंवर पोट भरतं का?

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वय सव्वीस, दिवसभराची नोकरी, गेली दोन वर्षं शनिवार-रविवार छोट्या शोजना जाऊन बँडचे फोटो काढताय. बँडवाले ते फोटो हौसेने लावतात, खाली तुमचं नाव टाकतात आणि पैशांचा विषय निघाला की गप्प होतात. आता तुम्हाला हेच काम म्हणून करायचंय, आणि तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा घ्यावा का, मोठ्या कॉन्सर्टचे पास कसे मिळतात आणि नोकरी कधी सोडावी.

मी हे काम सतरा वर्षं करतेय, त्यातली पहिली पाच नोकरी सांभाळून. तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते. पण तिन्हींच्या आधीचा एक प्रश्न राहून गेलाय: तुम्ही काल रात्री काढलेला फोटो आज सकाळी कोणाला हवाय, आणि कशासाठी? "सगळ्यांना आवडतो" हे त्याचं उत्तर नव्हे. आवडायला पैसे पडत नाहीत. नड असली की माणूस खिशात हात घालतो. या धंद्यात टिकलेले जे लोक मला माहीत आहेत, ते सगळेच काही फार थोर फोटोग्राफर नाहीत. पण आपण कोणाची कोणती नड भागवतोय, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

काही गोष्टी मी इथे बसून ठरवू शकत नाही. तुमच्या आसपास महिन्याला चार शो होतात की चाळीस, तुमच्या पगारावर घरात कोण अवलंबून आहे, रात्री दोनला परतून सकाळी नऊला उभं राहायची शरीराची तयारी किती, यावर बरंच काही ठरेल. चाळीस शो होत असतील तर निव्वळ संगीतावर जगता येतं. चारच होत असतील तर नाटक, नृत्य, परिषदा, समारंभ अशी कामं जोडावीच लागतील, आणि त्यात कमीपणा काही नाही. अंधारात, हलत्या माणसाचा, फ्लॅशशिवाय नीट फोटो काढणारा माणूस नाटकवाल्यांनाही हवाच असतो.

आता पासबद्दल, कारण सगळ्यांचा जीव तिथेच अडकलेला असतो. मोठ्या कार्यक्रमात फोटोग्राफरला सोडतात ते पिटमध्ये, म्हणजे स्टेज आणि बॅरिकेड यांच्यामधल्या बोळात. तिथला जवळपास सगळीकडे चालणारा नियम म्हणजे पहिली तीन गाणी, फ्लॅश बंद. तीन गाणी म्हणजे दहा-बारा मिनिटं. त्या बोळात तुमच्यासारखे पंधरा जण, बहुतेकांच्या हातात सारखीच लेन्स, समोर एकच गायक आणि हनुवटीखालून दिसणारा एकच कोन. चौथं गाणं सुरू झालं की सिक्युरिटीवाला खांद्यावर हात ठेवतो आणि सगळी वरात बाहेर. गायकाचे केस विस्कटतात, शर्ट घामाने अंगाला चिकटतो, तो खरा रंगात येतो आठव्या-नवव्या गाण्याला. तोवर तुम्ही गेटाबाहेर उभे असता.

हा पास फोटोग्राफरला मिळत नाही, प्रकाशनाला मिळतो. कलाकाराची प्रसिद्धी सांभाळणारा पब्लिसिस्ट किंवा आयोजकाचा मीडिया पाहणारा माणूस एवढंच बघतो, की फोटो कुठे येणार आणि किती लोक पाहणार. तेव्हा एखाद्या संगीतविषयक मासिकाशी, वृत्तपत्राच्या पुरवणीशी किंवा संकेतस्थळाशी जोडून घ्या आणि त्यांच्या नावाने दोन-तीन आठवडे आधी मागणी करा. लिहिता येत असेल तर फारच उत्तम. विल्यम गॉटलिब हा १९३०च्या दशकाच्या अखेरीस वॉशिंग्टन पोस्टमध्ये जॅझवर स्तंभ लिहायचा. सोबतच्या फोटोग्राफरचा खर्च करायला वृत्तपत्र तयार होईना, तेव्हा त्याने स्वतःच स्पीड ग्राफिक कॅमेरा घेतला आणि तो वापरायला शिकला. फिल्म आणि फ्लॅशबल्ब महाग, म्हणून एका रात्रीत मोजकेच फोटो. ते आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपलेले आहेत, आणि त्या काळातले जॅझ कलाकार आपल्याला दिसतात ते बऱ्याच अंशी त्याच्या डोळ्यांनी. पण त्याच्यासाठी दार उघडलं ते लिखाणाने. कॅमेरा मागून आला.

मात्र पास मिळाला म्हणजे काम मिळालं, असं समजू नका. बहुतेक छोटी प्रकाशनं पासपलीकडे हातावर काही ठेवत नाहीत. मोठ्या नावाचे दोन-चार फोटो संग्रहात असले की पुढच्या माणसाचा विश्वास बसतो, एवढाच त्याचा उपयोग. वर्षाला पाच-सहा वेळा जा आणि हौस भागवा. माझ्या वहीत गेल्या वर्षीची जमा पाहिली तर प्रकाशनांकडून आलेला वाटा इतका किरकोळ आहे, की तो चुकून सुटला असता तरी बेरीज फारशी हलली नसती.

मग जमा होतं कुठून? एकाच शोमध्ये किती जणांची नड असते ते बघा. बँडला पुढच्या शोच्या पोस्टरसाठी असा फोटो हवा असतो ज्यात वरच्या बाजूला अक्षरांसाठी मोकळी जागा आहे. आयोजकाला भरलेलं सभागृह हवं असतं आणि त्यातच कुठेतरी प्रायोजकाचा फलक, कारण तो फोटो दाखवून त्याला पुढच्या वर्षीचे पैसे मागायचे असतात. सभागृहाच्या मालकाला जागा देखणी दिसायला हवी असते. वाद्यं बनवणाऱ्यांना वाद्य हवं असतं आणि त्यावरचं नाव वाचता यायला हवं. ड्रमरला स्वतःचा एक तरी धड फोटो हवा असतो, कारण आयुष्यभर तो झांजांच्या आड धूसर ठिपका म्हणूनच छापला गेलेला असतो. ड्रमरशी मैत्री करा. फार कृतज्ञ जमात आहे.

हे मला कोणी शिकवलं नाही, अपघाताने कळलं. सुरुवातीच्या वर्षांत एका शोला पुढे फार रेटारेटी होती म्हणून वैतागून मागे गेले आणि साउंड कन्सोलच्या शेजारी उभी राहिले. तिथे लाइट चालवणारे गृहस्थ बसले होते. मध्यंतरात त्यांनी विचारलं, "माझा लाइट दिसतोय असा एखादा फोटो काढाल का? माझ्याकडे माझ्याच कामाचा एकही फोटो नाही. सगळे जण गायकाचं तोंडच काढतात." पुढच्या भागात मी मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) लावला, सगळं स्टेज मावेल अशी लेन्स चढवली, शटर १/६० सेकंदापर्यंत खाली आणलं आणि धुरातून उतरणारे किरण जळणार नाहीत इतकं एक्स्पोजर धरलं. फोटोत गायक काडीपेटीतल्या काडीएवढा होता. माझ्या दृष्टीने तो फोटो यथातथाच, पण त्या गृहस्थांच्या पुढच्या तीन कामांच्या प्रस्तावात तोच लागला. तेव्हापासून ते जिथे काम करतात तिथे आयोजकाला माझं नाव सांगतात. पिटमधल्या कोणत्याही फोटोने मला इतकं काम दिलेलं नाही.

तेव्हा शोला जाण्याआधी कागदावर लिहून काढा: आज इथे कोणकोण आहे आणि त्यातल्या कोणाला कसला फोटो लागेल. मग गायकाचा आवडता क्लोजअप काढून झाला, की उरलेला वेळ त्या कागदाला द्या.

फुकट कामाचं काय? मी फुकट कामाच्या विरोधात नाही, अंदाधुंद फुकट कामाच्या विरोधात आहे. पैसे नसतील तर बदल्यात काय, ते आधी ठरवा: साउंडचेकपासून प्रवेश, स्टेजच्या कडेला उभं राहायची मुभा, ग्रीनरूम, किंवा पुढच्या अल्बमच्या वेळी पैसे देऊन बोलावण्याचा शब्द. १९६७ मध्ये अमेरिकेत रोलिंग स्टोन हे संगीताचं मासिक सुरू झालं तेव्हा बॅरन वोलमन त्याचा पहिला मुख्य फोटोग्राफर झाला. मासिकाकडे पैसे नव्हते. त्याने बिनपगारी काम पत्करलं, पण त्याबदल्यात कंपनीत हिस्सा घेतला आणि फोटोंचे हक्क स्वतःकडे ठेवले. त्यातल्या हक्कांच्या अटीने त्याला पुढे आयुष्यभर हात दिला. तुमच्याकडे हिस्सा मागण्यासारखी मासिकं येणार नाहीत, पण हक्कांवर बोट ठेवायला आजही पैसे लागत नाहीत.

हक्कांची बाब नीट समजून घ्या, कारण इथेच माझा हात भाजला होता. फोटो विकणं आणि फोटो वापरायची परवानगी देणं, हे दोन वेगळे व्यवहार आहेत. परवानगी देताना तुम्ही सांगता: हा फोटो, या कामासाठी, इतक्या काळापुरता. पोस्टरची परवानगी दिली म्हणजे टी-शर्टची दिली असं होत नाही. माझ्या तिसऱ्या वर्षी एका आयोजकाने गेटावरच दोन पानी कागद पुढे केला. मागे रांग, आत साउंडचेक सुरू, मी सही केली. वर्षभराने माझा फोटो एका अल्बमच्या मुखपृष्ठावर, पोस्टरवर आणि कपांवरसुद्धा दिसला, कुठेही माझं नाव नव्हतं. कागद काढून वाचला तर सगळे हक्क कायमचे लिहून दिले होते. तक्रार करायला जागाच नव्हती, सही माझीच. आता मी एकच करते: करार दोन दिवस आधी मेलवर मागते. गेटावर कागद पुढे आला तर ती दोन पानं आधी वाचते, मग आतलं पहिलं गाणं बुडालं तरी चालेल.

हा त्रास फक्त नवख्यांना होतो असंही नाही. २०१५ मध्ये टेलर स्विफ्टने संगीतकारांना मोबदला मिळावा म्हणून ॲपलला जाहीर पत्र लिहिलं, तेव्हा एका फोटोग्राफरने जाहीरपणेच उत्तर दिलं, की तुमच्या शोचा फोटोग्राफरांसाठीचा करारही असाच एकतर्फी आहे. पुढच्याच महिन्यात तो करार सौम्य झाला. त्याच वर्षी फू फायटर्स या रॉक बँडच्या करारावर सही करायला वॉशिंग्टनच्या एका साप्ताहिकाने नकार दिला आणि प्रेक्षकांनी काढलेले फोटो विकत घ्यायची तयारी दाखवली. तुम्ही एकटे आहात, तुमच्या नकाराची बातमी होणार नाही. तरी "हे एक कलम बदलाल का?" असं विचारलं तर निम्म्या वेळा हो म्हणतात, हा माझा अनुभव. बहुतेकदा तो मसुदा त्यांनीही कुठून तरी उचललेला असतो.

दुसरा धडा वेळेचा. पहिल्या मोठ्या कामाला मी तीनशे ऐंशी फोटो दिले, नवव्या दिवशी, एकेकावर अर्धा तास बसून. बँडने तोवर प्रेक्षकांतल्या कोणाच्या तरी फोनमधला हललेला फोटो लावून टाकला होता आणि त्यावरच लोकांनी कौतुकाचा पाऊस पाडला होता. माझे नंतर कोणी उघडूनही पाहिले नसावेत. शो संपला की गरज बारा-पंधरा तास तापलेली असते, मग निवते. आता मी त्याच रात्री दहा फोटो पाठवते, फोनवर बघायच्या आकाराचे, आणि त्यात आयोजकाचा एक, बँडचे आठ, लाइटवाल्यांचा एक असं वाटप करते. उरलेले पन्नास-साठ तिसऱ्या दिवशी. त्याहून जास्त कधीच नाही. निवड हे तुमचं काम आहे. तीनशे फोटो देणं म्हणजे तेही काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालणं.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. स्टेजवरचे फोटो सगळ्यांकडे असतात, स्टेजमागचे फार थोड्यांकडे. जिम मार्शल या फोटोग्राफरने १९६८ मध्ये अमेरिकन गायक जॉनी कॅशचे फॉल्सम तुरुंगातल्या कार्यक्रमाचे फोटो काढले. त्याची अट ठरलेली असायची: सगळीकडे मोकळा प्रवेश, नाहीतर येत नाही. आज इतकी मोकळीक बड्या कलाकारांकडे मिळणं अशक्यच, पण छोट्या बँडकडे ती सहज मिळते. लोकांना नेमकं हेच उलटं वाटतं. त्यांना वाटतं लहान शो ही पायरी आणि स्टेडियम हे मंदिर. मी म्हणते, लहान शोमध्ये जे मिळतं ते स्टेडियममध्ये पैसे मोजूनही मिळणार नाही.

एक प्रसंग सांगते. शोच्या आधी वीस मिनिटं, खोलीत एक पिवळा बल्ब. बेसिस्टच्या मधल्या बोटाचं टोक चिरलं होतं. त्याने चिरेवर सुपरग्लूचा थेंब सोडला, बोट तोंडापाशी नेलं आणि डोळे मिटून फुंकर मारत बसला. शेजारी गायिका भिंतीकडे तोंड करून तेच एक कडवं पुटपुटत होती. सेटलिस्टचे कागद तोंडात धरून ड्रमर टेप फाडत होता. मी दाराच्या चौकटीला टेकून चार फोटो काढले, शटर १/८० वर, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ६४००, पस्तीस मिमीची लेन्स. चारांतला एक जमला: बोट, ओठ आणि मिटलेले डोळे. बँडने पुढच्या दौऱ्याच्या पोस्टरवर तोच घेतला. स्टेजवर हातवारे करणारे आठ चकचकीत फोटो त्यांनी बाजूला ठेवले.

असे फोटो मिळायला लागते ती सवय. पहिल्या दिवशी ग्रीनरूममध्ये गेलात तर सगळे पोझ देतात किंवा पाठ फिरवतात. चौथ्या वेळी तुम्ही तिथल्या खुर्चीसारखे होता. म्हणून वीस बँडच्या मागे एकेकदा धावण्यापेक्षा दोन-तीन बँड धरा आणि वर्षभर त्यांच्याबरोबर राहा. सराव, रेकॉर्डिंग, रात्रीचा प्रवास, न भरलेला शो, सगळं. वर्षाअखेरी हातात एक सलग गोष्ट असते, आणि अशा गोष्टीमुळेच अल्बमचं मुखपृष्ठ, माहितीपट, प्रदर्शन, पुस्तक अशी मोठी कामं येतात. "क्रिएटिव्ह करिअर" असा शब्द तुम्ही वापरलाय, त्याचा माझ्यापुरता अर्थ हा आहे.

संग्रहाचंही तेच. वीस फोटो पुरेत. माइकला तोंड लावलेला गायक त्यात दोनदा आला की एक काढा. आणि तांत्रिक शुद्धतेच्या फार आहारी जाऊ नका. सप्टेंबर १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅलेडियममध्ये फोटोग्राफर पेनी स्मिथने द क्लॅश या पंक बँडच्या पॉल सिमोननचा बेस गिटार आपटतानाचा फोटो काढला. फोकस सुटलेला, म्हणून तिचाच तो वापरायला विरोध होता. बँडने हट्टाने अल्बमवर लावला आणि तो रॉक संगीतातला बहुधा सगळ्यात ओळखीचा फोटो ठरला. याचा अर्थ फोकस चुकवा असा नाही (मला दर महिन्याला कोणीतरी हे उदाहरण देऊन हललेले फोटो पाठवतं). अर्थ एवढाच, की निवड करताना आधी फोटो लहान करून लांबून बघा, शंभर टक्के मोठा करून नंतर.

सामानाकडे वळते. आत्ता फुल फ्रेम घेऊ नका. आहे त्या कॅमेऱ्यावर एफ १.८ची पन्नास किंवा पस्तीसची लेन्स घ्या (एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त प्रकाश आत). हिशेब साधा आहे: एफ २.८ला जिथे आयएसओ ३२०० लागतो, तिथे एफ १.८ला साधारण १२५० पुरतो, शटर तेवढंच राहून. एवढा फरक नवा कॅमेरा घेऊन मिळवायचा तर कितीतरी पट खर्च येईल. पुढे कामं येऊ लागली की २४-७० आणि ७०-२०० या एफ २.८च्या झूम लेन्स लागतीलच, पण त्या आधी भाड्याने आणा आणि भाडं बिलात लावा. त्याच गिऱ्हाइकाने तिसऱ्यांदा बोलावलं की विकत घ्यायचा विचार करा.

सेटिंगबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुम्ही जोडलेले फोटो पाहून दोन गोष्टी सांगते. तुमचे लाल प्रकाशातले चेहरे सपाट झालेत, रंगाचा नुसता गोळा. एलईडीच्या लाल किंवा निळ्या प्रकाशात तेवढा एकच रंग काठोकाठ भरून सांडतो आणि कॅमेऱ्याचं साधं मीटर "सगळं ठीक" म्हणत राहतं. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, तीन रंगांचा हिस्टोग्राम म्हणजे प्रकाशाचा आलेख लावा आणि अशा वेळी एक स्टॉप कमी, म्हणजे निम्माच प्रकाश द्या. मग निदान कृष्णधवल तरी सुंदर होतो. त्याहून बरं म्हणजे गाणं ऐका. बहुतेक लाइटवाले कडव्याला गडद रंग ठेवतात आणि ध्रुवपदाला पांढरा प्रकाश उघडतात. दोन गाणी झाली की त्यांची सवय कळते, मग बोट आपोआप आधी तयार असतं. दुसरी गोष्ट, तुमच्या काही फोटोंत आडवे काळे पट्टे आहेत. ते एलईडीची लुकलुक आणि सायलेंट (बिनआवाजाचं, इलेक्ट्रॉनिक) शटर यांचं भांडण आहे. मेकॅनिकल शटरवर या. शास्त्रीय किंवा बिनमाइकच्या शांत मैफलीत आवाज करायची सोय नसते, तिथे साउंडचेकला वेगवेगळ्या शटर स्पीडवर चाचणी घेऊन पट्टे न येणारा वेग आधीच शोधून ठेवा. तेही जमलं नाही तर टाळ्यांच्या आवाजात फोटो काढायचे. मी बरीच वर्षं तेच केलंय.

आता नोकरी. आधी तुमचा खरा दर काढा. तीन तासांचा शो म्हणजे तीन तासांचं काम नसतं: जाणं-येणं दोन तास, साउंडचेक आणि वाट पाहणं दोन, शो तीन, निवड आणि एडिट चार, बिलं आणि पाठपुरावा एक. बारा तास झाले. तुमच्या सध्याच्या पगाराचा ताशी आकडा बाराने गुणा आणि सामानाची झीज, बिनकामाचे दिवस यांच्यासाठी त्यात निम्मं आणखी मिळवा. हा आकडा पाहून पोटात गोळा येईल आणि "इतके कोण देणार?" असं वाटेल. खरंय, आज तुमच्याकडचे बँड देणार नाहीत. आयोजक, सभागृहं, कंपन्यांचे कार्यक्रम देतील. बँडना कमी घ्या, पण बिलावर पूर्ण दर लिहून खाली सवलत दाखवा. दर कळू द्या, नाहीतर सवलतीलाच ते दर समजतात.

मी नोकरी सोडली तेव्हा स्वतःला तीन अटी घातल्या होत्या: सलग बारा महिने घरखर्चाच्या निम्मी तरी रक्कम या कामातून यावी, सहा महिन्यांचा खर्च बाजूला असावा आणि मला दुसऱ्यांदा बोलावलेली किमान चार गिऱ्हाइकं असावीत. बारा महिने अशासाठी, की शोजना हंगाम असतो. हंगामातले तीन महिने पाहून निर्णय घेतला तर उरलेले नऊ महिने पंचाईत. चौथी अट मला नंतर कळली. मार्च २०२० मध्ये काही दिवसांत जगभरचे शो थांबले. तेव्हा माझं घर चाललं ते जुन्या फोटोंच्या परवानग्यांवर आणि एका ध्वनिमुद्रण स्टुडिओच्या कामावर. सगळी गिऱ्हाइकं एकाच टोपलीत नकोत, आणि जुने फोटो तारीख-नावासकट शोधता येतील असे ठेवा. तुमची आजची परिस्थिती पाहता, तुमच्या जागी मी नोकरी सोडणार नाही. जमलं तर शुक्रवारची अर्धी सुट्टी मात्र मागून घेईन.

कानांचं सांगायचं राहिलं होतं. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसात जास्तीत जास्त आठ तास सोसावा. दर तीन डेसिबलला तो वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. पिटमध्ये तुम्ही स्पीकरच्या पुढ्यात उभे असता आणि तो आकडा सहज ओलांडला जातो. संगीतासाठीचे इअरप्लग मिळतात, ज्यात गाणं नीट ऐकू येतं, फक्त आवाज खाली येतो. लेन्सच्या आधी ते घ्या. माझ्या डाव्या कानात शांत खोलीत बारीक शिट्टी वाजते, आणि ती नोकरीच्या काळातल्या त्या पहिल्या पाच वर्षांची कमाई आहे.

शेवटी, कुणाला आणि काय लिहू, असंही तुम्ही ओझरतं विचारलंय. ज्या बँडने तुमचे फोटो सगळ्यात जास्त वापरलेत त्यांच्यापासून सुरुवात करा. मी साधारण असं लिहीन:

"गेल्या वर्षभरात तुमच्या सहा शोजचे फोटो मी काढले, त्यातले अकरा तुम्ही वापरलेत, आनंद आहे. पुढच्या महिन्यात तुमचे तीन शो आहेत. तिन्हींचं काम मी एकत्र करू शकते: प्रत्येक शोच्या रात्रीच दहा फोटो, तिसऱ्या दिवशी पन्नास, त्यातले पोस्टरसाठी मोकळी जागा असलेले किमान दोन. सोबत दर जोडलाय, पहिल्या तीन शोंसाठी सवलतीसह. साउंडचेकपासून आत यायला मिळालं तर फार बरं. गुरुवारपर्यंत कळवाल का?"

तुम्ही पुरुष असाल तर क्रियापदं बदलून घ्या. खाली तीन फोटो जोडा, तीनशेची लिंक नको, आणि तिन्हींपैकी एक ड्रमरचा ठेवा.